फ्रंट-व्हील-ड्राइव्ह गाडीचं सस्पेन्शन ऑटोक्रॉससाठी कसं लावायचं

फ्रंट-व्हील-ड्राइव्ह गाडी ऑटोक्रॉसला उतरवली की बहुतेकांची पहिली तक्रार एकच असते. स्टिअरिंग वळवलं तरी गाडी वळत नाही, पुढचे टायर किंचाळतात, गाडी रेटल्यासारखी सरळ जाते आणि बाहेरचा शंकू आडवा होतो. हा अंडरस्टिअर. गाडीत काही बिघाड झालेला नसतो, तिची मांडणीच तशी असते. इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांना जोर वाटून देणारा भाग) सगळं पुढे, त्यामुळे एकूण वजनाच्या साधारण ६० ते ६५ टक्के वजन पुढच्या चाकांवर. वळायचं त्याच चाकांनी, गाडी ओढायची त्यांनीच, ब्रेकचा मोठा वाटाही त्यांच्याकडेच. मागचे दोन टायर मात्र बऱ्याच अंशी नुसते मागून येत असतात.

म्हणून पुढे जे काही सांगितलंय त्यामागे दोनच हेतू आहेत. पुढच्या टायरांची पकड वाचवायची आणि मागच्या बाजूला वळायच्या कामाला लावायचं. रिअर-व्हील-ड्राइव्ह गाडीसाठी दिलेला सल्ला इथे अनेकदा उलटा पडतो, तेव्हा कुणी काही सुचवलं तर ते कोणत्या गाडीसाठी आहे हे आधी विचारा.

इथे ऑटोक्रॉस म्हणजे डांबरी किंवा काँक्रीटच्या मोकळ्या जागेत शंकू मांडून, एका वेळी एक गाडी सोडून, घड्याळाविरुद्ध केलेली शर्यत. मातीवरच्या ऑटोक्रॉसला उंची, स्प्रिंग, टायर सगळंच वेगळं लागतं. ते आकडे इथे शोधू नका.

हाताशी काय काय हवं

- अर्धा पीएसआय नेमका दाखवणारा हवेचा गेज. मोजायला कायम तोच वापरा, कारण दोन गेज सहसा एकच आकडा दाखवत नाहीत.
- हवा भरायचा छोटा पंप.
- खडू किंवा बुटांचं पांढरं पॉलिश.
- मजबूत दोरा, ओळंबा, मिलिमीटरची स्टीलची पट्टी. कॅम्बर (चाकाचा उभा झुकाव; वरची कड आत तर उणे, बाहेर तर अधिक) मोजायचा गेज असेल तर उत्तम.
- जॅक आणि दोन ते चार स्टँड. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली हात घालू नका.
- टॉर्क रेंच आणि गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधली टॉर्कच्या आकड्यांची पानं.
- बोल्टवर खूण करायला रंगाचा मार्कर, डॅम्परच्या (शॉक ॲब्सॉर्बरच्या) दांड्यावर लावायला प्लास्टिकचे झिप टाय.
- चालकाच्या वजनाइतक्या वाळूच्या पिशव्या.
- वही. मोबाइलमध्ये नोंद केली तरी चालेल, पण दोन फेऱ्यांच्या मधल्या घाईत कागदावर लिहिणंच जमतं.

१. आधी नियमपुस्तक, मग पाना

सगळ्यात महाग चूक इथेच होते. हौसेने स्प्रिंग बदलल्या आणि गाडी थेट वरच्या वर्गात गेली, जिथे तिच्यासमोर स्लिक टायरवाल्या हलक्या गाड्या उभ्या! अमेरिकेतल्या एससीसीएच्या (स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका) सोलो, म्हणजे ऑटोक्रॉस स्पर्धांमध्ये स्ट्रीट वर्गात मूळ स्प्रिंग ठेवाव्या लागतात, पण डॅम्पर बदलता येतात, पुढचा किंवा मागचा यांपैकी एक अँटी-रोल बार (वळणात गाडीचं कलणं रोखणारा दांडा) बदलता येतो आणि टायरचा ट्रेडवेअर आकडा (टायर किती टिकाऊ ते सांगणारा) किमान २०० असावा लागतो. तुमच्या आयोजकांचे नियम वेगळे असतील आणि ते दरवर्षी बदलूही शकतात. कॅम्बर प्लेट, कॅम्बर बोल्ट, बुश (सांध्यातला रबरी भाग) आणि चाकांचा ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसतं ते) या चार गोष्टींबद्दल नेमकं काय लिहिलंय ते शोधून वहीत उतरवा, आणि त्यानंतरच खरेदीला लागा.

२. गाडी आधी धडधाकट करा

ढिल्या गाडीचं ट्यूनिंग करता येत नाही. कंट्रोल आर्मचा बुश फाटलेला असेल तर तुम्ही लावलेला टो (वरून पाहता चाकं किती आत-बाहेर वळलेली आहेत ते माप) ब्रेक मारताना एक असतो आणि ॲक्सिलरेटर दाबल्यावर दुसराच.

चाक जमिनीपासून उचला. वर-खाली धरून हलवलं आणि खेळ जाणवला, तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग पाहा. डावी-उजवीकडे हलवताना खेळ असेल तर टाय रॉडचं टोक पाहा. स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि डॅम्पर एकत्र असलेल्या खांबाच्या) वरच्या माउंटवर हात ठेवून दुसऱ्याला गाडी उभी असताना स्टिअरिंग फिरवायला सांगा. आतून टकटक जाणवली तर माउंट गेलंय. डॅम्परवर तेलाचा ओघळ दिसला तर तो डॅम्पर संपला असं समजा.

रबरी बुश बदलताना एक गोष्ट गॅरेजमध्येही सर्रास चुकते. आर्मचे बोल्ट गाडी हवेत लटकलेली असताना पूर्ण आवळले, तर गाडी खाली येताच बुश पिळला जातो. तो कायम ताणात राहतो, एखाद्या जादा स्प्रिंगसारखा वागतो आणि लवकर फाटतो. म्हणून बोल्ट आधी हातानेच घट्ट करा, गाडीचं वजन चाकांवर आलं की मगच टॉर्क द्या.

३. हवेचा दाब

हा सगळ्यात स्वस्त बदल, आणि शर्यतीच्या दिवशी दोन फेऱ्यांमध्ये करता येतो. रस्त्यावरच्या चांगल्या परफॉर्मन्स टायरांवर सुरुवात पुढे ३६ ते ३८ आणि मागे ३४ ते ३६ पीएसआयने करा. टायरच्या बाजूवर लिहिलेल्या कमाल दाबाच्या पुढे जाऊ नका.

मग खडू घ्या. टायरच्या खांद्यावर, म्हणजे ट्रेड संपून बाजू सुरू होते तिथे, तीन ठिकाणी आडव्या रेघा ओढा. फेरी मारून या. खडू ट्रेडच्या कडेपर्यंत पुसला गेला असेल तर दाब बरोबर आहे. पार बाजूवर उतरून पुसला गेला असेल तर टायर लोळतोय, २ पीएसआय वाढवा. कडेच्या अलीकडेच खडू शिल्लक असेल तर दाब जास्त आहे. बऱ्याच टायरांच्या खांद्यावर छोटा त्रिकोण कोरलेला असतो. घासल्याची खूण त्याच्या टोकापर्यंत यावी, टोक ओलांडून जाऊ नये.

टायर तापला की दाब चढतो. हवेचं तापमान १० अंश सेल्सिअसने वाढलं तर दाब साधारण दीड पीएसआयने वाढतो, त्यामुळे सकाळी लावलेला आकडा दुपारी खरा राहत नाही. प्रत्येक फेरीनंतर मोजा आणि ठरवलेल्या गरम आकड्यावर आणा. एकच गाडी दोघे चालवत असतील तर हे आणखी महत्त्वाचं, कारण टायरांना निवायला वेळच मिळत नाही.

मागची बाजू जास्त फिरावी म्हणून मागचा दाब ४ ते ६ पीएसआय चढवायची युक्ती सर्वत्र चालते. काम होतं, नाही असं नाही. पण तुम्ही मागच्या टायरची पकड जाणूनबुजून बिघडवत असता, आणि ती अचानक सुटते. बार किंवा टो बदलायची सोय असेल तर आधी तिकडे जा. मागचा दाब शर्यतीच्या दिवशीच्या बारीक फरकासाठी राखून ठेवा.

४. अलाइनमेंट

इथे वेळ घाला. पैशाच्या मानाने सर्वांत जास्त फायदा इथेच मिळतो.

पुढच्या बाजूला बहुतेक गाड्यांना मॅकफर्सन स्ट्रट असतो आणि वळणात त्याची कॅम्बर सांभाळायची क्षमता कमी असते. समजा वळणात गाडी ३ अंश कलली आणि सस्पेन्शन दबल्यामुळे कॅम्बर १ अंशच परत मिळाला, तर बाहेरच्या चाकाने जमिनीच्या हिशेबात २ अंश गमावले. गाडी उभी असताना कॅम्बर उणे १ असेल तर ऐन वळणात तो अधिक १ होतो, आणि टायर बाहेरच्या खांद्यावर उभा राहतो. अंडरस्टिअरचं मोठं कारण हेच, आणि पुढच्या टायरचा बाहेरचा खांदा गोलसर घासलेला दिसला की ते उघड्या डोळ्यांनी कळतं.

रस्त्यावरच्या टायरांसाठी सुरुवातीचे आकडे असे:

- पुढचा कॅम्बर: उणे २.५ ते उणे ३.५ अंश
- मागचा कॅम्बर: उणे १ ते उणे १.५ अंश
- पुढचा टो: दोन्ही चाकं मिळून २ ते ३ मिमी टो-आउट (चाकांच्या पुढच्या कडा बाहेर)
- मागचा टो: शून्य, अनुभव आल्यावर एकूण २ मिमीपर्यंत टो-आउट
- कॅस्टर (बाजूने पाहता स्टिअरिंगचा अक्ष मागे झुकल्याचा कोन): जितका मिळेल तितका, पण दोन्ही बाजूंत अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक नको

कॅस्टरकडे नवखे दुर्लक्ष करतात. ऑटोक्रॉसमध्ये स्टिअरिंग खूप फिरवावं लागतं, आणि जास्त कॅस्टर असेल तर स्टिअरिंग फिरवताना बाहेरच्या चाकाचा कॅम्बर उणे होत जातो व आतल्या चाकाचा अधिक. दोन्ही टायरांना नेमकं तेच हवं असतं. शिवाय गाडी सरळ जाताना याची काही किंमत मोजावी लागत नाही.

कॅम्बर कसा मिळवायचा? नियमात बसत असेल तर स्ट्रटच्या वर कॅम्बर प्लेट लावा. नसेल तर स्ट्रट आणि नकल (चाकाचा हब धरणारा भाग) जोडणाऱ्या दोन बोल्टांपैकी एकाच्या जागी विकेंद्री कॅम्बर बोल्ट येतो, त्याने साधारण १ ते १.७५ अंश मिळतात. हा बोल्ट मूळ बोल्टपेक्षा बारीक असतो, त्यामुळे खड्ड्यात किंवा कर्बवर आपटला की सरकू शकतो. टॉर्क दिल्यावर बोल्ट आणि नकल या दोन्हींवर मिळून एक रंगाची रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली तर बोल्ट सरकलाय.

घरी मोजायचं असेल तर जमीन सपाट हवी. ओळंबा चाकासमोर सोडा आणि रिमच्या वरच्या व खालच्या कडेपासून दोऱ्याचं अंतर मोजा. १५ इंची रिमवर १ अंश म्हणजे वर-खालच्या अंतरात ६.६ मिमीचा फरक, ३ अंश म्हणजे सुमारे २० मिमी. टोसाठी गाडीच्या दोन्ही बाजूंना हबच्या उंचीवर, एकमेकांना समांतर दोरे ताणा. दोऱ्यांमधलं अंतर गाडीच्या पुढे आणि मागे सारखं हवं, आणि दोन्ही दोरे पुढच्या आपापल्या हबपासून सारख्याच अंतरावर, आणि मागच्याही आपापल्या हबपासून सारख्याच अंतरावर हवेत. मग प्रत्येक रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेपासून दोऱ्याचं अंतर घ्या. रिमची पुढची कडा मागच्या कडेपेक्षा दोऱ्याच्या जवळ असेल तर टो-आउट. १५ इंची रिमवर एका चाकाचा १ मिमी म्हणजे ०.१५ अंश.

क्रम चुकवू नका: उंची, मग कॅस्टर आणि कॅम्बर, मग मागचा टो, शेवटी पुढचा टो. कॅम्बर हलला की टो हलतोच. चालकाच्या सीटवर वाळूच्या पिशव्या ठेवा, टाकीत शर्यतीच्या दिवशी असेल तेवढंच पेट्रोल ठेवा. जॅकवरून उतरवल्यावर गाडी थोडी पुढे-मागे ढकलून टायर मोकळे होऊ द्या आणि त्यानंतर मोजा. नाहीतर टायर आत ओढलेल्या अवस्थेत अडकून खोटा आकडा देतात.

पुढे टो-आउट का, तर ॲक्सिलरेटर दाबला की पुढची चाकं गाडीला ओढताना बुशांच्या लवचीकपणामुळे आत वळतात, म्हणजे टो-इनकडे जातात. आधीच थोडा टो-आउट असेल तर हिशेब जुळतो आणि गाडी वळणात चटकन शिरते.

मागे ट्विस्ट बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारी आडवी तुळई) असलेल्या गाड्यांत टो आणि कॅम्बर लावायची सोय मुळात नसते. तिथे स्टब ॲक्सल (चाक ज्यावर बसतं तो छोटा आस) आणि बीमच्या मध्ये पाचरीसारखे शिम घालतात. शिम घातल्यावर बोल्टाचे पुरेसे आटे धरलेत का ते तपासा.

आणि मागच्या टो-आउटबद्दल गांभीर्याने: हीच गाडी रोज रस्त्यावर चालवत असाल तर मागे टो-आउट ठेवू नका. पावसात, वेगात लेन बदलताना अशी गाडी मागून अचानक सुटते. शून्यावर थांबा.

५. मागचा अँटी-रोल बार

फ्रंट-व्हील-ड्राइव्ह गाडीचा स्वभाव सर्वांत जास्त बदलणारा एकच सुटा भाग निवडायचा असेल तर तो हा.

टायरवरचा भार दुप्पट केला तरी पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. समजण्यापुरते आकडे घेऊ. दोन टायरांवर प्रत्येकी ३०० किलो भार असताना मिळून ६०० किलोइतकी पकड मिळते. वळणात भार सरकून बाहेर ४५० आणि आत १५० झाला, तर बाहेरच्याचे ४०५ आणि आतल्याचे १६२, एकूण ५६७. भार तेवढाच, पकड कमी. ज्या ॲक्सलवर आतून बाहेर भार जास्त सरकतो, ती पकड जास्त गमावते.

गाडी ठरावीक वेगाने वळत असताना एकूण किती भार सरकणार हे गाडीचं वजन, गुरुत्वमध्याची उंची आणि चाकांमधलं अंतर यांवर ठरतं. त्यातला किती पुढे आणि किती मागे, हे तुम्ही ठरवू शकता. मागचा बार जाड केला की भाराची ही अदलाबदल मागे जास्त होते, पुढे कमी. मागची बाजू थोडी पकड सोडते आणि गाडी फिरते. पुढच्या आतल्या चाकावर भार टिकतो, त्यामुळे वळणातून बाहेर पडताना ते चाक जागच्या जागी फिरत नाही. साध्या ओपन डिफरन्शियलच्या गाडीला हा दुसरा फायदा पहिल्याइतकाच मोलाचा आहे.

बारचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. २० मिमीच्या जागी २२ मिमीचा भरीव बार लावला तर तो सुमारे ४६ टक्के कडक, २४ मिमीचा दुपटीहून थोडा जास्त. म्हणून "दोनच मिमी जाड आहे" हे ऐकायला किरकोळ वाटतं तसं नसतं. पोकळ बारची तुलना भरीव बारशी नुसत्या बाहेरच्या व्यासावरून करू नका. बारला दोन-तीन भोकं असतील तर बारच्या टोकापासून आतलं भोक जास्त कडक, कारण तरफेचा हात आखूड होतो. सुरुवात सगळ्यात मऊ भोकापासून.

बार बसवताना त्याची टोकं सस्पेन्शनला जोडणाऱ्या दोन्ही लिंक चालकाचं वजन सीटवर असताना जोडा. लांबी बदलता येणाऱ्या लिंक असतील तर शेवटची लिंक अशी जुळवा की बोल्ट बोटाने सरकून आत जाईल. तो ठोकून घालावा लागत असेल तर बार आधीच पिळलेला आहे, आणि गाडी डावीकडे एक तर उजवीकडे दुसरंच वागेल. बुशांना सिलिकॉन ग्रीस लावा. बार सबफ्रेमला जिथे धरला जातो तिथे पत्रा पातळ असेल तर पट्टी मारून मजबूत करा. जाड बार मूळ ब्रॅकेट फाडतो.

वळणात मागचं आतलं चाक हवेत जातं ते पाहून घाबरू नका. चार-पाच बोटं उचललं तर हरकत नाही. मात्र चाक उचललं गेलं म्हणजे मागच्या ॲक्सलवरचा सगळा भार बाहेर सरकून झाला. यापुढे बार आणखी कडक केला तर चाक लवकर उचलेल, एवढंच. तेव्हाही अंडरस्टिअर उरला असेल तर उपाय पुढच्या बाजूला शोधा.

पुढच्या बारबद्दल मतभेद आहेत. काही जण तो काढूनच टाकतात. मऊ पुढचा बार आतल्या चाकाची पकड वाढवतो हे खरं, पण स्ट्रटच्या गाडीत कलणं वाढलं की कॅम्बर जातो. कॅम्बर उणे ३ च्या आसपास मिळत असेल आणि स्प्रिंग कडक असतील तर मऊ पुढचा बार करून पाहावा. मूळ स्प्रिंग आणि उणे १ कॅम्बर असलेल्या गाडीचा पुढचा बार काढणं मला पटत नाही. एका हाताने मिळवलेलं दुसऱ्या हाताने जातं.

६. स्प्रिंग आणि उंची

स्प्रिंगचा आकडा आणि चाकाला जाणवणारा कडकपणा वेगळे असतात. स्प्रिंग चाकाच्या मानाने किती हलते या प्रमाणाचा वर्ग घेऊन गुणायचं. प्रमाण ०.९५ असेल तर ६० न्यूटन प्रति मिमीची स्प्रिंग चाकाशी सुमारे ५४ ची होते. मागे प्रमाण ०.९ असेल तर ५० ची स्प्रिंग ४०.५ ची.

आता वारंवारता, म्हणजे स्प्रिंगवर गाडी सेकंदाला किती वेळा वर-खाली होते ते काढा. पुढच्या एका कोपऱ्यावर स्प्रिंगवरचं वजन ३०० किलो असेल तर ५४ ला सुमारे २.१ हर्ट्झ येते. मागच्या कोपऱ्यावर १७० किलो असेल तर ४०.५ ला सुमारे २.५ हर्ट्झ. रोजच्या साध्या गाड्या १.२ ते १.५ हर्ट्झच्या आसपास असतात. ऑटोक्रॉसच्या फ्रंट-व्हील-ड्राइव्ह गाडीची मागची वारंवारता पुढच्यापेक्षा जास्त ठेवतात, आणि वरचं उदाहरण त्याच धर्तीचं आहे. जागा खडबडीत असेल तर दोन्हीकडे थोडं मऊ जा. उड्या मारणारा टायर कितीही कडक स्प्रिंगवर असला तरी पकड देत नाही.

उंचीचा मोह आवरा. गाडी १५ ते २५ मिमी खाली आणणं पुरे. त्यापुढे स्ट्रटच्या गाडीत खालच्या आर्मचं बाहेरचं टोक आतल्या टोकापेक्षा वर जाऊ लागतं. मग दबताना कॅम्बर मिळायचं प्रमाण घटत घटत संपतं, रोल सेंटर (गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो) गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने खाली जातं आणि बुटकी दिसणारी गाडी उलट जास्त कलायला बघते. टाय रॉडचा कोनही बिघडतो आणि खड्ड्यावर चाकं आपोआप वळतात.

बम्प स्टॉप (सस्पेन्शन पूर्ण दबल्यावर ज्यावर टेकतं ते रबर) तपासा. डॅम्परच्या दांड्यावर झिप टाय लावून तो खाली सरकवा आणि फेरी मारून या. टाय बम्प स्टॉपपर्यंत पोचलेला दिसला तर वळणात तुम्ही स्प्रिंगवर नव्हे, रबरावर टेकलेले असता. पुढे असं झालं की वळणाच्या मध्येच अचानक अंडरस्टिअर येतो. मागे झालं की गाडी झटक्यात फिरते. न समजणाऱ्या अनेक तक्रारींचं मूळ या रबरात असतं.

७. डॅम्पर

डॅम्पर भार किती सरकणार हे ठरवत नाही, किती लवकर सरकणार ते ठरवतो. म्हणून त्याचा परिणाम वळणात शिरताना, बाहेर पडताना आणि स्लॅलममध्ये (शंकूंच्या ओळीतून नागमोडी जाताना) दिसतो. लांब एकसारख्या वळणात जवळजवळ नाही.

डॅम्परचा कडकपणा बदलणाऱ्या नॉबचे क्लिक नेहमी पूर्ण बंद, म्हणजे सर्वांत कडक स्थितीपासून उलटे मोजा आणि तसेच लिहा. चारही डॅम्पर मधल्या स्थितीत ठेवून सुरुवात करा आणि एका वेळी दोन-दोन क्लिकने बदला, एका क्लिकचा फरक सुरुवातीला कळणार नाही.

पुढचा रिबाउंड (डॅम्पर उघडतानाचा रोध) फार कडक असेल तर वळणातून बाहेर पडताना डॅम्पर आतल्या चाकाला वर धरून ठेवतो आणि ते फिरू लागतं. तो सैल करा. मागचा रिबाउंड थोडा कडक केला की ब्रेक मारून वळताना मागचं आतलं चाक लवकर हलकं होतं आणि गाडी चटकन वळते. पण सगळीकडे कडक करत सुटू नका. रिबाउंड अति कडक असेल तर एका उंचवट्यानंतर सस्पेन्शन पूर्ण उघडायच्या आत दुसरा येतो, आणि गाडी हळूहळू खाली खाली बसत बम्प स्टॉपवर जाते.

८. चाचणी कशी घ्यायची

एका वेळी एकच बदल. हे सगळेच सांगतात आणि सगळेच मोडतात. याहून महत्त्वाचं म्हणजे मागे जाऊन पाहणं: आधीची मांडणी, नवी मांडणी, पुन्हा आधीची. मार्ग जसजसा पाठ होतो तसतसा चालक आपोआप वेगवान होतो. तिसऱ्या वेळी जुन्या मांडणीवर वेळ परत वाढला नाही, तर सुधारणा तुमची होती, गाडीची नव्हे.

मोकळी जागा आणि परवानगी मिळाली तर १५ मीटर त्रिज्येचं वर्तुळ आखा. गाडीची मधली रेषा त्यावर ठेवून न घसरता जमेल तितक्या वेगाने फिरा आणि पूर्ण फेरीचा वेळ घ्या. ६०.४ ला सेकंदांच्या वर्गाने भागलं की आडवा जोर जी मध्ये (गुरुत्वाकर्षणाच्या पटीत) मिळतो: ८.२ सेकंदांना ०.९०, ८ सेकंदांना ०.९४. दोन्ही दिशांनी फिरा. कॅम्बर, दाब आणि बारचा परिणाम इथे स्वच्छ दिसतो. डॅम्परसाठी सरळ रेषेत पाच-सहा शंकूंचं स्लॅलम लावा.

प्रत्येक फेरीला इतकं लिहा: चारही टायरांचा गरम दाब, बारचं भोक, डॅम्परचे क्लिक, वेळ, आणि गाडी कुठे चुकली ते एका ओळीत.

९. लक्षण ओळखून बदल करा

"अंडरस्टिअर आहे" एवढ्यावर काही ठरत नाही. वळणाच्या कोणत्या टप्प्यावर, ते सांगा.

वळणात शिरतानाच गाडी ऐकत नसेल तर पुढचा टो-आउट १ मिमीने वाढवा, पुढचा कम्प्रेशन (डॅम्पर दबतानाचा रोध) सैल करा किंवा मागचा रिबाउंड कडक करा. पण त्याआधी प्रामाणिकपणे पाहा, तुम्ही फार वेगात तर शिरत नाही ना? अंडरस्टिअर सुरू झाल्यावर स्टिअरिंग आणखी फिरवणं ही नवख्यांची सहज प्रतिक्रिया असते. टायर घसरण्याच्या योग्य कोनापलीकडे गेला की जास्त स्टिअरिंगने पकड कमीच होते. अशा चुकीवर कोणताही बार इलाज नाही.

वळणाच्या मध्यात अंडरस्टिअर असेल तर पुढचा कॅम्बर, मागचा बार आणि पुढचा बम्प स्टॉप, याच क्रमाने पाहा.

बाहेर पडताना आतलं चाक धूर काढत असेल तर पुढचा रिबाउंड सैल, मागचा बार एक भोक कडक, नियम परवानगी देत असतील तर लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल (एकच चाक मोकळं फिरू न देणारं). गिअरच्या प्रकाराचं डिफरन्शियल आतलं चाक पूर्ण हवेत गेलं की बाहेरच्या चाकाला जोर देऊ शकत नाही, क्लच प्लेटचं देऊ शकतं. तेव्हा गिअरचं असेल तर पुढचं चाक जमिनीवर राहणं आणखी गरजेचं.

ॲक्सिलरेटर सोडला की मागची बाजू सुटते? थोडी सुटायलाच हवी, तेच तर आपण मागत होतो. ती सावरता येत नसेल एवढी सुटत असेल तर मागचा टो शून्यावर आणा, मागचा दाब २ पीएसआय उतरवा, मग बार मऊ करा. अशा वेळी पाय पूर्ण उचलू नका. हलकासा ॲक्सिलरेटर ठेवला की भार मागे येतो आणि पुढची चाकं गाडीला सरळ ओढतात. ब्रेक मारला तर मात्र गाडी नक्की फिरते.

स्लॅलममध्ये प्रत्येक शंकूला मागची बाजू आधीपेक्षा जास्त झुलत असेल तर मागचा रिबाउंड दोन क्लिक सैल करा. गाडी उशिरा, आळसावल्यासारखी दिशा बदलत असेल तर चारही रिबाउंड दोन क्लिक कडक.

१०. पाऊस आला तर

ओल्या जमिनीवर पकड कमी, म्हणून भारही कमी सरकतो, आणि कोरड्यासाठी लावलेली मागची बाजू निसरडी वाटते. मागचा बार सगळ्यात मऊ भोकावर आणा, किंवा एक लिंक सोडून तारेने घट्ट बांधून ठेवा म्हणजे ती कशावर आपटणार नाही. चारही डॅम्पर दोन ते चार क्लिक सैल करा. दाबासाठी पुन्हा खडूच पाहा, टायर तापत नाहीत म्हणून थंड आकडा कोरड्यापेक्षा जास्त ठेवावा लागू शकतो. अलाइनमेंटला हात लावू नका.

रस्त्याने घरी जाणार असाल तर निघण्यापूर्वी बार मूळ भोकावर घ्या, सुटलेली लिंक जोडा, टायरचा दाब दारावरच्या पट्टीवरच्या आकड्यावर आणा, चाकांचे नट टॉर्क रेंचने तपासा आणि कॅम्बर बोल्टवरची रंगाची रेघ अखंड आहे का ते बॅटरीच्या उजेडात पाहा.